‘विचारून’ म्हणजे नेमकं काय?

“आईला विचारून ये.” लहानपणी शेजारच्या काकू असं म्हणाल्या की आपण घराकडे पळायचो ते आईचं मत अजमावायला नव्हे. तिनं ‘जा’ म्हटलं तरच परत यायचं, ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. या वाक्यात ‘विचारणं’ म्हणजे परवानगी घेणं. रस्त्यावरच्या माणसाला पत्ता विचारतो तेव्हा त्याच क्रियापदाचा परवानगीशी काही संबंध नसतो, आणि ‘हल्ली मला कोण विचारतो?’ असं आजोबा म्हणतात तेव्हा तर प्रश्नाचाही नसतो. तरी ‘न विचारता घेतलं’ असं कोणी म्हटलं की चोरीचा वास येतोच. मराठी कानाला हे सगळे अर्थ वेगवेगळे ऐकू येतात, कोणी शिकवावे लागत नाहीत.

आता हाच शब्द कायद्याच्या कागदावर ठेवून पाहू. १९९६ साली संसदेनं अनुसूचित, म्हणजे घटनेनं वेगळ्या नोंदवलेल्या आदिवासीबहुल, क्षेत्रांसाठी पंचायतींचा कायदा केला, ज्याला गडचिरोलीपासून पालघरपर्यंत सगळे ‘पेसा’ म्हणतात. महाराष्ट्रात तो १३ जिल्ह्यांतल्या कमीअधिक भागाला लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात असं आहे की जमीन संपादित करण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीशी ‘कन्सल्ट’ केलंच पाहिजे. याचं बोलीतलं मराठी काय होणार? ‘ग्रामसभेला विचारल्याशिवाय जमीन घेता येत नाही.’ अनुवाद म्हणून वाक्य चुकीचं नाही. पण साहेबाच्या डोक्यात ‘विचारणं’ म्हणजे बैठक बोलावणं, म्हणणं ऐकून घेणं, इतिवृत्तात नोंदवणं. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात ते ‘आईला विचारून ये’मधलं विचारणं. दोघंही त्या वाक्याला मान डोलावतात. भांडण सुरू होतं मोजणी करणारे आल्यावर. (आणि ज्याची घरची भाषा गोंडी किंवा वारली आहे त्याच्यापर्यंत तो शब्द इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून त्याच्या भाषेत, असे दोन उंबरठे ओलांडून पोचतो. प्रत्येक उंबरठ्यावर थोडं सांडतंच.)

त्याच पेसा कायद्यात वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजांच्या खाणपट्ट्यासाठी वेगळा शब्द आहे. तिथे ग्रामसभेची किंवा पंचायतीची आधी शिफारस हवी. आणि २०१३च्या भूसंपादन कायद्यात तिसराच शब्द आला, ‘कन्सेंट’, म्हणजे संमती. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची, सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांची, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची. सल्ला, शिफारस, संमती. एखाद्या गाइडात हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी बसवून मध्ये बरोबरचं चिन्ह टाकलेलं मला आश्चर्य वाटणार नाही. पण या तिघांच्या मधल्या फटीत एकेका गावाची जमीन बसते.

मी सरकारी आणि निमसरकारी कागदांचे मराठी अनुवाद करतो, आणि त्याआधी काही वर्षं एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवत होतो. दोन्ही कामांत मला एकाच गोष्टीनं छळलं. मुलांना मी जवळजवळच्या अर्थाचे शब्द एकच मानायला शिकवत होतो, आणि अनुवादाला बसलो की ते एक नाहीत याचीच किंमत मोजत होतो.

हा घोळ फक्त आपल्यासारख्या इंग्रजी शिकून घेतलेल्यांचा नाही. राज्यघटनेच्या १२४व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमताना राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी ‘कन्सल्टेशन’ करायचं असतं. घटना समितीत त्या जागी ‘कन्करन्स’, म्हणजे सहमती, घाला अशी सूचना आली होती. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा मुद्दा असा होता की सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी सामान्य माणसाचे गुणदोष त्यांच्यातही असणार, आणि राष्ट्रपतीला किंवा त्या वेळच्या सरकारला जो अधिकार आपण देत नाही तो सरन्यायाधीशांना नकाराधिकाराच्या रूपात द्यायचं कारण नाही. म्हणजे दोन शब्दांतला फरक ठाऊक असताना, समोर ठेवून, विचारपूर्वक एक निवडला गेला. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कन्सल्टेशन म्हणजे सहमती नव्हे. १९९३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं सरन्यायाधीशांच्या मताला वरचं स्थान दिलं आणि त्यातून कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची पद्धत, उभं राहिलं. मधल्या १२ वर्षांत इंग्रजी शब्दकोशातला अर्थ तसूभरही हलला नव्हता. न्यायालयाला स्वतःच्या बाबतीत ‘विचारणं’ सहमतीपर्यंत ताणता आलं. ग्रामसभेला संमती मिळायला मात्र २०१३ साली दुसऱ्या कायद्यात दुसरा शब्द लिहावा लागला. यात कोणाचं बरोबर यावर वाद होऊ शकतो, आणि मला स्वतःला १९४९चं उत्तर अधिक पटतं. पण शब्दाचा अर्थ ठरवायचा अधिकार कोणाकडे असतो, हे यातून दिसतं.

तर असे शब्द मुलांच्या हाती आपण कसे देतो? ‘समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नातून. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न असतो, इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत त्याचा जुळा भाऊ असतो, स्पर्धा परीक्षांत तर तो हुकमी गुणांचा प्रश्न. माझं म्हणणं सरळ आहे: इंग्रजीच्या पेपरातून हा प्रश्न काढून टाकावा आणि त्याच्या जागी फरकाचा प्रश्न घालावा. आणि तो फरक वर्गात मराठीतून शिकवावा.

याद्या करण्याची आपली परंपरा जुनी आहे. अमरकोश पाठ करणाऱ्याला पाण्याची पंचवीसेक नावं घडाघडा म्हणता यायची, आणि वृत्तात बसेल तो शब्द शोधणाऱ्या कवीला ती यादी सोन्यासारखी होती. लंडनमध्ये १८५२ साली पीटर मार्क रोजे या डॉक्टरानं इंग्रजी शब्दांची अशीच, कल्पनांच्या गटांप्रमाणे लावलेली यादी छापली. त्यानं शब्दांचे अर्थ दिले नाहीत, कारण वाचकाला ते माहीत आहेत हे त्यानं धरूनच चाललं होतं. विसरलेला शब्द आठवायला ती यादी होती. आपण ती शब्द शिकण्यासाठी वापरायला लागलो, हा तिचा दोष नाही.

मराठीच्या बाबतीत या प्रश्नानं फारसं बिघडत नाही, कारण मुलाकडे भाषा आधीच असते. पाणी, जल, नीर, उदक ही यादी त्यानं परीक्षेत लिहिली तरी ‘मला तहान लागलीय, उदक दे’ असं तो म्हणणार नाही. उदक सोडायचं असतं, जल अर्पण करायचं असतं, नळाला पाणी येतं किंवा येत नाही. उष्टं आणि खरकटं यातला फरक विचारला तर तो चटकन सांगता येणार नाही, पण चुकणारही नाही. इंग्रजीत त्याच्याकडे हा साठा नसतो. तिथे यादी हीच त्याची भाषा होते. ‘बिग’ बरोबर ‘लार्ज’ पाठ केलेला मुलगा थोरल्या भावाला ‘लार्ज ब्रदर’ म्हणतो आणि वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्या मास्तरांनीच आदल्या आठवड्यात त्याला बरोबरचं चिन्ह काढून दिलेलं असतं. त्या मास्तरांत मीही होतो.

आता मराठीतून शिकवायचं म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगतो, कारण खरी गंमत इथे आहे. ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिघांनी माझ्या वर्गाला फार दिवस दमवलं. गाइडात तिघांपुढेही ‘पाहणे’ असं छापलेलं. मग एकदा फळ्यावर तीन वाक्यं लिहिली: मला साप दिसला, मी सापाकडे पाहिलं, मी साप बघत बसलो. पुढे काही सांगावंच लागलं नाही. दिसणं आपल्या हातात नसतं, म्हणून मराठी ‘मला’ म्हणते. पाहणं आपण करतो, म्हणून ‘मी’. इंग्रजी दोन्हीकडे ‘मी’च ठेवते, त्यामुळे तिला फरक क्रियापदातच भरून ठेवावा लागतो. जे मराठी विभक्तीनंही दाखवते ते इंग्रजी फक्त वेगळ्या शब्दानं दाखवते. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ याच वाटेनं जातात: मला हाक ऐकू आली, मी गाणं ऐकलं. सातवीतल्या मुलाला हे समजायला पाच मिनिटं लागतात, कारण फरक त्याच्या डोक्यात आधीपासून असतो. फक्त त्याच्यावर इंग्रजी पाटी लावायची असते.

सगळीकडे असं जुळत नाही, आणि न जुळणं तितकंच कामाचं असतं. सावली हा आपला एक शब्द. झाडाच्या सावलीत बसतो ती ‘शेड’, भिंतीवर आपली पडते ती ‘शॅडो’. मराठी बोलणाऱ्यानं इथे थांबून विचार करायचा असतो की मी उन्हापासूनच्या आडोशाबद्दल बोलतोय की आकाराबद्दल. ‘टॉल’ आणि ‘हाय’ दोन्ही उंचच. ‘से’ आणि ‘टेल’ला आपल्याकडे म्हणणं आणि सांगणं अशी छान जोडी आहे, पण तीही फसवते. ‘तो मला म्हणाला’ हे शुद्ध मराठी आहे, आणि त्यातूनच ‘ही सेड मी’ जन्माला येतं. ही चूक आळसाची नाही, मराठीच्या तर्काची आहे. तो तर्क मुलासमोर उघड मांडला तर त्याला कळतं की आपण कुठे घसरणार आहोत. नुसती लाल शाईची रेघ मारली तर एवढंच कळतं की आपल्याला इंग्रजी येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो मराठीलाच. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि त्यासोबत इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये ही शिकवणही पक्की झाली. मूल भाषेत बुडालं की आपोआप पोहतं म्हणे. बुडायला पुरेसं पाणी असलं तर पोहेलही. ज्या गावात शाळेच्या दाराबाहेर इंग्रजीचा एक थेंब नाही तिथे ‘बुडवणं’ म्हणजे घागरभर पाण्यात डोकं खुपसणं. तिथल्या मुलाकडे असलेली एकमेव पूर्ण भाषा वर्गाच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवायला सांगण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर हे नुकसान विज्ञानापर्यंत जातं. मराठी पाठ्यपुस्तकानं चाल आणि वेग, वस्तुमान आणि वजन हे शब्द कष्टानं वेगळे केले होते. सेमीतला मुलगा ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ पाठ करतो आणि मनात दोन्हीला वेगच म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो मलाही कधीकाळी पटायचा. समोरच्याला कळलं म्हणजे झालं, बारीकसारीक फरकांवर वेळ का घालवायचा? याचं उत्तर मला एका विमान अपघातात सापडलं. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आवियांका कंपनीचं विमान बोगोटाहून मेडेलिनमार्गे न्यूयॉर्कला आलं. हवा खराब होती, विमानाला तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालत थांबवलं गेलं आणि इंधन संपत आलं. सहवैमानिकानं नियंत्रकांना इंग्रजीत सांगितलं की आम्हाला ‘प्रायॉरिटी’ हवी. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यानं वापरला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टननं त्याला सांगितलं, आपण इमर्जन्सीत आहोत असं कळव. सहवैमानिकानं नियंत्रकाला कळवलं ते एवढंच, की इंधन संपत आलंय. ‘सांगितलंस का?’ असं कॅप्टननं विचारल्यावर तो ‘हो’ म्हणाला. त्याच्या लेखी त्यानं सांगितलं होतं. विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेक इथे कोसळलं. त्यातल्या १५८ माणसांपैकी ७३ दगावली.

चुका अनेकांच्या होत्या, आणि चौकशीत हवामानापासून नियंत्रकांपर्यंत बरंच काही पुढे आलं. पण संभाषणाकडे पाहा. विमान आणि नियंत्रक यांच्यातलं बोलणं इंग्रजीतच होतं, व्याकरण पुरेसं होतं, प्रत्येक वाक्य समोरच्याला कळलं होतं. ‘प्राधान्य द्या’ हेही कळलं. ‘प्रायॉरिटी’ ऐकल्यावर नियंत्रक रांगेत जरा पुढे घेण्याचा विचार करतो, ‘इमर्जन्सी’ ऐकल्यावर बाकीचं आकाश मोकळं करतो. ‘कळलं म्हणजे झालं’ या तत्त्वाप्रमाणे त्या संध्याकाळी सगळं झालेलंच होतं.

जमिनीवर अशा फरकांनी विमानं पडत नाहीत, म्हणून ते आपल्या नजरेत भरत नाहीत. अंगणवाडी ताईंना सरकार जे देतं त्याला मानधन म्हणतं, इंग्रजीत ‘ऑनरेरियम’. दोन्ही भाषांत त्या शब्दात मान आहे, आणि ताईंच्या वाट्याला बहुतेक तोच आला. मराठीत कामाच्या मोबदल्याला किती नावं आहेत पाहा: कारकुनाला पगार, गवंड्याला मजुरी, कीर्तनकाराला बिदागी, भटजीला दक्षिणा, आणि एकेकाळी सुतार-लोहाराला बलुतं. प्रत्येक नावात देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं ठरून गेलेलं असतं. मजुरी थकली तर मागता येते, दक्षिणा मागता येत नाही. म्हणूनच ‘मानधन नको, वेतन हवं’ असं अंगणवाडी ताई वर्षानुवर्षं म्हणत आल्या. वरवर पाहता हा रकमेचा वाद वाटतो. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठानं गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात निकाल दिला की १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यापुरतं हे मानधनही ‘वेजेस’च्या व्याख्येत बसतं, म्हणून त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. एक शब्द दुसऱ्यात बसतो की नाही, यावर बायकांचं म्हातारपण अवलंबून होतं. एखाद्या पेपरात ‘ऑनरेरियम’चा समानार्थी शब्द विचारला आणि मुलीनं ‘वेजेस’ लिहिलं, तर तिला गुण द्यायचे का? २०२२पर्यंत द्यायचे नाहीत आणि नंतर निम्मे द्यायचे, असं माझं थट्टेतलं उत्तर आहे.

आणि जिथे मराठी कान तयार आहे तिथे इंग्रजीची लबाडी लपतही नाही. एप्रिल २०१९ मध्ये, जालियनवाला बागेच्या शंभराव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये ‘रिग्रेट’ व्यक्त केला. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथल्या तिथे ‘अपॉलॉजी’ मागितली, ती मिळाली नाही. हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. खेद, दिलगिरी आणि माफी यांच्यातल्या पायऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी आपल्याला पुरेशा शिकवल्या आहेत. खेद घटनेबद्दल असतो, माफी मागायला मात्र ‘मी’ पुढे यावं लागतं.

कायद्यातले असे शब्द पदवीधरांनाच कळतील, असं कोणाला वाटत असेल तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहावं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गोंड गावानं अभ्यासगट चालवले, बाहेरच्या जाणकारांना बोलावून कायदे समजून घेतले आणि निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं घ्यायचे असं ठरवलं. बहुमत आणि सर्वसहमती यातला फरक त्यांनी शब्दकोशातून काढला नव्हता. हरलेल्या निम्म्या गावाला घेऊन जंगल राखता येत नाही, या अनुभवातून तो आला होता. पुढे वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होतं. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवानेही गावाच्या हाती आले. तेही एका शब्दावर अडलं होतं, कारण १९२७चा वन कायदा बांबूला झाड म्हणायचा आणि २००६चा वनहक्क कायदा गौण वनोपज, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येणारं जंगलातलं उत्पन्न.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांसाठी एक नमुना देऊन ठेवतो. पाच गुण. पुढील वाक्यांत ‘विचारणे’साठी योग्य तो इंग्रजी शब्द लिहा आणि तोच का, ते मराठीत सांगा. एक: गावात शिरल्यावर त्यानं शाळेचा रस्ता विचारला. दोन: आईला विचारून ये. तीन: डॉक्टरांना विचारून औषध बदल. चार: म्हातारपणी कोण विचारतं? पाच: ग्रामसभेला विचारून जमीन घेतली.

पहिल्या चारांची उत्तरं मी वर्गात तपासू शकेन. पाचव्याला मुलानं काही न लिहिता ‘कोणत्या कायद्याखाली?’ असा उलट प्रश्न विचारला, तर पूर्ण गुण.